आवाजाची नावं कुणी पुसली?

१

"आत्या, आईचा आवाज गेला."

भाच्याचं हे वाक्य ऐकून आत्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. रविवारची सकाळ होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गॅसवर चहा उकळत होता. वहिनीचा आवाज जाऊन महिना होत आला होता. घशातल्या गाठीबरोबर सर्जननी स्वरयंत्रच काढून टाकलं होतं, आणि त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर हाच भाचा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता.

"अरे राजा, तो तर..."

"तो नाही गं! दुसरा. साठवलेला. कॉम्प्युटरमधला."

आत्याने गॅस बंद केला.

वहिनी बसस्थानकावर घोषणा द्यायची. उभा जन्म तिने काचेच्या त्या केबिनमध्ये काढला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुणाचं मूल हरवून चौकशीच्या खिडकीपाशी आलं आहे, हे सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. ऑपरेशन ठरलं तेव्हा भाच्याने हाय खाल्ली नाही. तो ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला. मागच्या खोलीच्या खिडक्यांना रजया टांगून, माईक लावून त्याने आईला रोज थोडंथोडं बोलायला बसवलं. रोज लागणारी शे-दीडशे वाक्यं होती. ती आता हातात मावेल एवढ्या यंत्रात भरायची, म्हणजे वहिनीने बटण दाबलं की तिच्याच आवाजात वाक्य ऐकू येणार. स्पीच थेरपिस्ट बाई ते यंत्र घेऊन सोमवारी सकाळी यायच्या होत्या.

"फाईली आहेत, पण एकही उघडत नाही," भाचा म्हणाला. "नावंच उडालीत सगळी. मी वैद्यबुवांना बोलावलंय."

वैद्यबुवा म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले. कुठलाही आजार असो, त्यांच्याकडे औषध एकच, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव.

आत्या ओल्या केसांनीच रिक्षात बसली. दादाच्या घराचा जिना ती चढत असतानाच वरून वैद्यबुवांचा ठाम स्वर आला, "व्हायरस आहे. फॉरमॅट मारू या, हो म्हणा."

"थांबा!" आत्या जिन्यातूनच ओरडली. "कुणी कशाला हात लावायचा नाही!"

२

मागच्या खोलीत कॉम्प्युटरभोवती सगळे जमले होते. भाचा खुर्चीत, चेहरा उतरलेला. त्याची बायको दाराला टेकून. वैद्यबुवा बॅग उघडून तयार. दादा खिडकीपाशी, आपल्या चष्म्याच्या काचा पुन्हा पुन्हा पुसत. चष्म्यांचंच दुकान चालवणारा माणूस तो. घरात काही बिनसलं की हात आपोआप रुमालाकडे जायचा. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसली होती. गळ्याशी पांढरी पट्टी, मांडीवर खडूची पाटी. ऑपरेशननंतर तिचा उजवा खांदा आखडला होता, म्हणून ती आता सगळं डाव्या हाताने करायची. अक्षर वेडंवाकडं यायचं, त्याचा तिला फार राग.

"सरक जरा," आत्या भाच्याला म्हणाली.

पडद्यावर पांढऱ्या कोऱ्या पानांची चित्रं ओळीने उभी होती. नावं म्हणजे नुसता अक्षरांचा कचरा. sdfa, wers, gfda, असलं काहीतरी. त्यापुढे ती फाईल कशाची आहे हे सांगणारं टिंब आणि शेपूट असतं, ते कुठेच नव्हतं. क्लिक केलं की कॉम्प्युटर विचारायचा, हे कशाने उघडू?

"दुसरी प्रत नाही का रे?"

"नाही." भाचा मान वर करत नव्हता. "रेकॉर्डरमधलं कार्ड मी पुढच्या कामासाठी पुसलं. इथे आहे ना सगळं, म्हणून निर्धास्त होतो."

आत्या शहराच्या नकाशाघरात नोकरीला होती. जुन्या कचेऱ्या बंद झाल्या की त्यांच्या नकाशांच्या डिस्का तिच्या टेबलावर येऊन पडत, आणि त्यांत काय आहे हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसे. ती ओळख पटवणं हेच तिचं काम. त्यासाठी लागणारी भारी सॉफ्टवेअरं कचेरी कधी घेऊन देत नसे, म्हणून ती सगळं साध्या नोटपॅडमध्ये उघडायची. भाचा तिला लहानपणापासून नोटपॅड आत्या म्हणून चिडवत आलेला.

तिने आधी सगळ्या फाईलींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली. मग त्या प्रतीतली पहिली फाईल नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर चौकोन, उलटीसुलटी चिन्हं, टोप्या घातलेली परदेशी अक्षरं यांचा चिखल झाला.

"बघा, सडलीय," वैद्यबुवा म्हणाले.

"सडलेली नाही. ही माणसासाठी लिहिलेलीच नाही, म्हणून अशी दिसते." आत्याने बोट अगदी सुरुवातीला नेलं. "सगळं वाचायचं नसतं. पहिली चार अक्षरं वाचायची."

भाच्याने पुढे वाकून वाचलं. "RIFF. आणि पुढे... WAVE."

"फाईलचं नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी काढली म्हणून आतल्या साखरेचं मीठ होत नाही. कुठल्या जातीची फाईल आहे हे ती स्वतःच्या पोटात, अगदी पहिल्या ओळीत लिहून ठेवते. RIFF आणि WAVE म्हणजे तुझं ध्वनिमुद्रण." तिने नोटपॅड बंद केलं. वाकताना भाच्याचं कोपर कीबोर्डला लागलं होतं, म्हणून त्याने बदल जतन करू का असं विचारलं, तेव्हा निक्षून नाही म्हटलं. "इथे चुकून हो म्हटलं तर मात्र खरंच सडेल."

मग प्रतीच्या नावापुढे तिने टिंब देऊन wav लिहिलं आणि क्लिक केलं.

"छत्री घेतली का?" वहिनी म्हणाली.

म्हणजे पलंगावरची नव्हे, स्पीकरमधली. स्वच्छ, गोल, थोडा नाकात घोळणारा तो आवाज खोलीभर पसरला. सुनेने तोंडावर हात धरला. भाचा खदखदून हसला आणि लगेच डोळे पुसू लागला. वहिनी स्पीकरकडे एकटक बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

दादा खोलीत नव्हता. तो कधी निघून गेला ते कुणालाच कळलं नाही.

आत्याने पुढची फाईल उघडली. RIFF. त्यापुढची, RIFF. त्यापुढच्या फाईलशी तिचा हात थबकला. सुरुवातीला दोनच अक्षरं होती, MZ.

"हा आवाज नाही," ती हळूच म्हणाली. "हा प्रोग्रॅम आहे. कुणीतरी आणून ठेवलेला."

सगळ्यांच्या माना वैद्यबुवांकडे वळल्या.

३

वैद्यबुवांचं कपाळ घामाने डबडबलं. गेल्याच आठवड्यात ते या कॉम्प्युटरचा पंखा बदलून गेले होते. दोन तास एकटे या खोलीत होते.

"माझा काय संबंध? मी पंखा बदलला, धूळ काढली. ताई, मुलाबाळांची शपथ!"

"अहो, आरोप कोण करतंय? बसा." आत्या MZ ची फाईल खाली खाली सरकवत होती. चिखलात मधूनच वाचता येण्याजोगे शब्द तरंगत होते. एका जागी ती थांबली. "हे नाव ओळखीचं आहे का रे?"

भाच्याने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "हे तर माझंच! रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मीच इथे उतरवून घेतलं होतं."

वैद्यबुवांनी सोडलेला श्वास बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू गेला असेल.

आणखी एक फाईल निघाली, %PDF ने सुरू होणारी. ती थेरपिस्ट बाईंनी पाठवलेली यंत्राची माहिती. तिचंही नाव तसंच पुसलेलं.

आत्या खुर्चीत मागे रेलली. "आता ऐका. फाईली बिघडवून खंडणी मागणारे व्हायरस असतात, मान्य. पण ते आतला मजकूरच ढवळून काढतात. RIFF सुद्धा शिल्लक ठेवत नाहीत. इथे आतल्या मजकुराला नखही लागलेलं नाही. फक्त नावं बदललीत. हे माणसाचं काम आहे."

"चुकून झालं असेल," सून म्हणाली.

"एखादी चुकून होईल. इथे प्रत्येक फाईलचं नाव वेगळं आहे. म्हणजे एकेक धरून, पूर्ण नाव पुसून, नवं टाइप केलंय. आणि शेपूट पुसलं की हा बाबा दर वेळी अडवतो. फाईल निकामी होऊ शकते, खात्री आहे का, असं विचारतो." आत्याने चष्मा काढला. "ज्याने हे केलं त्याला प्रत्येक फाईलीला हा प्रश्न आला. आणि प्रत्येक वेळी त्याने हो म्हटलं."

वैद्यबुवांनी बॅग बंद केली. "मग मी निघतो. घरचं प्रकरण दिसतंय."

ते गेले आणि खोलीत एकदम अवघडल्यासारखं झालं. घरचं प्रकरण. घरात माणसं चारच.

४

आत्याने एकेकाला गाठलं. पोलिसासारखं नव्हे; ज्याला जिथे मोकळं वाटेल तिथे.

भाचा गच्चीवर भेटला. "माझ्यावर संशय घेतेस?"

"सगळ्यांवर घेते. तुला राग कशाचा आलाय?"

"माझाच. प्रत ठेवली नाही म्हणून. लोकांना सांगत फिरतो, प्रत ठेवा, प्रत ठेवा." त्याने कठड्यावर मूठ आपटली. "आणि आत्या, मला नावं बदलायची असती तर एका आज्ञेत सगळी बदलली असती. असं एकेक टाइप करत बसेन का मी?"

ते खरं होतं. हात सरावलेला माणूस इतका वेळ घालवत नाही. वैद्यबुवा तर माऊसला हात न लावता सगळं कीबोर्डवरूनच झटपट उरकायचे.

सून स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. "खरं सांगू का?" ती म्हणाली. "मला ते यंत्र नको वाटत होतं. वाक्यं आम्हीच लिहून दिली ना आईंना. जेवायला या. दार लावून घ्या. औषध घेतलं का. रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा बाहेर बसून ऐकत होते. वाटलं, एवढंच बोलतात का आई? पण म्हणून मी असं काही करीन?"

तिने कढई डाव्या हाताने घासून पालथी घातली. सून डावखुरी. कॉम्प्युटरवर बसली की माऊस ओढून डावीकडे घ्यायची आणि उठताना तिथेच ठेवायची. त्यावरून भाचा रोज कुरकुरायचा. आत्याच्या डोळ्यांपुढे ती कचरा नावं आली. sdfa, wers, gfda. सगळी अक्षरं कीबोर्डच्या डाव्या अर्ध्या भागातली. उजवीकडचं एकही अक्षर कुठे नव्हतं. म्हणजे नावं बदलणाऱ्याचा उजवा हात माऊसवर होता आणि मोकळा डावा हात मिळेल ती अक्षरं दाबत होता. सुनेचं याच्या बरोबर उलट झालं असतं.

दादा खाली दुकानात होता. रविवारचं शटर अर्धं ओढलेलं, आत दिवा. तो चष्म्याच्या एका दांडीचा स्क्रू आवळत बसला होता.

"तुला काय वाटतं दादा, कुणी केलं असेल?"

"मला कशाला विचारतेस? मला त्या डब्यातलं ओ की ठो कळत नाही." त्याने मान वर केली नाही. "पुढे बसलं की हा सारखा विचारतो, खात्री आहे का, खात्री आहे का. माणसाचा अंत बघतो नुसता."

"ते आहेच," आत्या म्हणाली आणि वर आली.

वहिनीजवळ ती सगळ्यात शेवटी बसली. खांदे जवळ, आवाज हळू. "वहिनी, तू केलंस का?"

वहिनीने पाटीवर लिहिलं, 'नाही.' आणि त्याखाली रेघ ओढली.

"कुणी केलं ते माहीत आहे?"

वहिनीने पाटी पुसली. बराच वेळ ती ओला फडका फिरवत राहिली, पाटी लख्ख झाली तरी. मग खिडकीबाहेर बघू लागली.

वहिनीकडे सध्या एकच हात होता, डावा. आणि एकाच हाताने काम करणाऱ्या माणसाला जवळची अक्षरं सोयीची, तीही डावीकडची. शिवाय दुपारभर या खोलीत ती एकटीच असते. तो गेलेला आवाज तिलाच नको असेल, तर मग कोण कुणाला काय जाब विचारणार?

५

दुपारची जेवणं झाली. आत्या पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. वहिनीचा डोळा लागला होता. निदान आवाज तरी सगळे जागेवर आणून ठेवावेत, म्हणून ती उरलेल्या फाईली उघडत गेली. RIFF, RIFF, RIFF.

आणि मग एक वेगळीच आली. सुरुवातीला काही रिकाम्या जागा, एक चौकोन, आणि नंतर ftypM4A.

आत्या पुढे सरकली. हाही आवाजच, पण दुसऱ्या जातीचा. हे भाच्याच्या माईकमधून येत नाही. हे फोनमधून येतं.

अशा फाईली बऱ्याच निघाल्या. सगळ्यांत मिसळलेल्या. तिने भाच्याला हाक मारली.

"तू आईचं फोनवर काही रेकॉर्ड केलं होतंस?"

"छे! फोनवर कशाला करीन? एवढा माईक असताना?"

आत्याने प्रतीला m4a असं शेपूट जोडलं आणि कानाला हेडफोन लावला. आधी ऐकू आली घरघर. गाडीचं इंजिन. लांबून कंडक्टरची शिट्टी. काचेवर टकटक. आणि मग, अगदी जवळून, वहिनी.

"नाही."

एवढंच. आत्याने दुसरी उघडली. "नाही," पण या वेळी हसत. तिसऱ्यात करड्या आवाजात, "नाही म्हणजे नाही." चौथ्यात, "चूक तुमचीच आहे." एकीत नुसतं हसणं होतं, ते असं, की आत्याला हेडफोन लावून एकटीलाच हसू आवरेना.

हे बसस्थानकावरच्या केबिनमध्ये केलेलं होतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी असेल. काचेच्या आत, दोन घोषणांच्या मध्ये. घरच्यांनी लिहून दिलेल्या वाक्यांत एकही 'नाही' नव्हतं. वहिनीने आपली वाक्यं आपणच करून घेतली होती, कुणाला न सांगता या फोल्डरमध्ये आणून ठेवली होती.

आत्याने हेडफोन काढला. पलंगावर वहिनी शांत झोपली होती.

मग हिने नावं पुसणं शक्यच नव्हतं. एवढ्या आटापिट्याने केलेल्या आपल्या वाक्यांची नावं पुसून, ती ढिगात हरवून कोण टाकेल? ज्याने पुसली त्याला या फाईली इथे आहेत हेच माहीत नव्हतं. थेरपिस्ट बाईंची माहिती काय, सॉफ्टवेअर काय, त्याने काही न बघता सरसकट सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं होतं.

आता एकच माणूस उरला होता. आत्याला ते सकाळीच कळायला हवं होतं. कॉम्प्युटर काही ऊठसूट खात्री आहे का विचारत नाही. फाईल पुसताना विचारतो, आणि शेपूट काढताना. ज्याला डब्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला तो सारखा कशाला विचारेल?

६

दुकानात दादा तसाच बसला होता. तोच चष्मा, तोच स्क्रू.

आत्या समोरच्या स्टुलावर बसली. समोर भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक.

"दादा, पुसायला एक बटण पुरलं असतं," ती म्हणाली. "सगळं एका दमात गेलं असतं. त्याऐवजी कुणीतरी दुपारच्या दुपारी बसून एकेक नाव खोडलं. मी सकाळपासून विचार करतेय, असं कोण करेल? ज्याला तो आवाज नाहीसा व्हायला नको आहे, पण तो बोलायलाही नको आहे."

दादाने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. रस्त्यावरून सायकलची घंटी गेली.

"दुपारी ती झोपली की बसायचो. बोट नेलं होतं मी त्या बटणावर," तो म्हणाला. "पुसायच्या. नाही झालं माझ्याच्याने. मग नावं बदलायला गेलो तर तो म्हणाला, निकामी होईल. म्हटलं, हे बरं आहे. असेल, पण बोलणार नाही."

"पण का रे?"

"का म्हणजे? तू विचार कर. ती समोर बसलेली असणार. ओठ मिटलेले. आणि टेबलावरच्या डब्यातून तिचा आवाज येणार, छत्री घेतली का." "मी बघू कुणाकडे? तिच्याकडे की डब्याकडे? ती पाटीवर लिहिते ना, ते मी वाचतो. ती ती आहे. तिचं ते वेडंवाकडं अक्षर मला चालतं. पण तो आवाज... सकाळी तू तो लावलास ना, मला वाटलं ऑपरेशन झालंच नाही. मग वळून बघितलं, तर ती पट्टी."

आत्याला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण लहानपणापासून त्यांच्यात तसली सवय नव्हती. तिने समोरचा रुमाल उचलून त्याच्याकडे सरकवला.

"मुलाला सांगू नकोस," दादा म्हणाला. "त्याने जीव तोडून केलं ते सगळं."

"मी सांगणार नाही. तूच सांगणार आहेस." आत्या उठली. "आणि तुला एक माहीत नाही. त्या ढिगात तिची स्वतःची वाक्यं होती. तीही तू पुरलीस."

दादाने चष्मा काढला. "तिची म्हणजे? कुठली?"

तेवढ्यात वरून भाच्याची हाक आली. "आत्या! बाबा! लवकर या!"

७

वहिनी कॉम्प्युटरपुढे बसली होती. झोप कसली लागतेय. आत्या खाली गेल्याबरोबर ती उठली असावी. माऊस तिने डाव्या हाताशी ओढून घेतला होता. आत्याने शेपूट लावून ठेवलेल्या फाईली पुढे उघड्या होत्या. भाचा आणि सून दोन्ही बाजूंना उभे.

दादा दारातच थांबला. "मीच केलं ते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नावं मी पुसली."

भाचा वळला. "बाबा? अहो पण का? उद्या बाई येतायत, आईला यंत्र—"

"तुझं यंत्र मला सहन होणार नाही."

"तुम्हाला नाही! आणि आईचं काय? तिने जन्मभर पाटीवर खरडत बसायचं?"

"अरे, तू आवाज काढून डब्यात भरलास म्हणजे—"

"बाबांचंही बरोबर आहे," सून मध्ये पडली. "ती वाक्यं तरी काय..."

"तू गप्प बस गं!" भाचा बायकोवर खेकसला.

"थांबा रे सगळे," आत्या म्हणाली. "आधी मी काय सांगते ते—"

वहिनीने क्लिक केलं.

"जेवायला या," स्पीकर म्हणाला.

सगळे चमकले. वहिनीने जोराने मान हलवली, ही नव्हे. नावं नव्हती, तिला अंदाजानेच शोधावं लागत होतं. तिने दुसरी दाबली. "दार लावून घ्या." वहिनीने डोळे मिटून एक सुस्कारा टाकला, तो गळ्याच्या छिद्रावरच्या पट्टीतून शीळ घातल्यासारखा बाहेर पडला. तिसरी दाबली. इंजिनाची घरघर आली. काचेवर टकटक झाली.

"मला कुणी विचारलं का?"

भाचा खुर्चीपासून एक पाऊल मागे सरला.

सकाळपासून आत्याने वहिनीला दोन प्रश्न विचारले होते. तू केलंस का, आणि कुणी केलं माहीत आहे का. तुला हवंय काय, हे तिनेही विचारलं नव्हतं. भाच्याने वाक्यं ठरवली, दादाने ती पुरली, सुनेने मनातल्या मनात नाक मुरडलं, आणि आत्याने शोध लावले.

वहिनीने पुन्हा तीच फाईल दाबली. "मला कुणी विचारलं का?"

दादा पुढे आला. खुर्चीशेजारी वाकून त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, स्पीकरकडे नाही.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "चुकलो. आता विचारतो. तुला हवाय का तो आवाज?"

वहिनीने पाटी मागितली. सुनेने ती घाईघाईने आणून दिली. डाव्या हाताने, सावकाश, तिने लिहिलं, 'हवा. पण छत्री, औषध, दार यातलं एकही नको. माझी मी निवडणार.' मग थोडं थांबून खाली लिहिलं, 'आणि तुम्हाला त्रास होत असेल तर आधी मला सांगायचं. कॉम्प्युटरला नाही.'

भाचा हसला आणि रडला, दोन्ही एकदम. दादाने खुर्ची ओढली. "चला, नावं मी पुसली, मीच देतो," तो म्हणाला. त्या संध्याकाळी दोघं शेजारी बसून एकेक फाईल ऐकत गेली. वहिनी पाटीवर नाव लिहायची, दादा एका बोटाने टाइप करायचा. पहिल्या काही फाईलींना त्याला मधूनच उठून खिडकीपाशी जावं लागलं. ती वाट बघायची. तो परत आला की पुढची लावायची.

सोमवारी थेरपिस्ट बाई आल्या, त्यांनी वहिनीची वाक्यं यंत्रात भरली आणि एवढ्या प्रकारची 'नाही' आपण आजवर कुठल्याच पेशंटला भरून दिली नव्हती, असं म्हणाल्या.

पुढे बरेच दिवस आत्या तिकडे फिरकली नाही. कचेरीत नव्या डिस्कांचा ढीग आला होता. मग एका शनिवारी ती गेली, तर जिन्यातच तिला दोन आवाज ऐकू आले. दार लोटलेलं होतं.

"चूक तुमचीच आहे," वहिनीचा आवाज म्हणाला.

"माझी? माझी कशी? कात्री मी घेतलीच नव्हती!" हा दादा.

"चूक तुमचीच आहे."

"तेच तेच काय लावलंयस! सांग ना, कधी घेतली मी?"

"नाही म्हणजे नाही."

"हे बरं आहे तुझं. मी काही विचारायचं, तू आपलं बटण दाबायचं. आणि हसू नकोस, मी गंभीरपणे बोलतोय!"

दाराच्या फटीतून आत्याला त्याची पाठ दिसत होती. तो हातवारे करत होता. यंत्र टेबलावर वहिनीच्या डाव्या हाताशी होतं, त्याकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. भांडत होता तो सरळ बायकोशी.

आत्याने बेलवरचं बोट काढून घेतलं आणि चपलांचा आवाज न करता ती जिना उतरली.